घटक ४ : कौटुंबिक पत्रे आणि दैनंदिन जीवन
(आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकेतील पत्रव्यवहाराच्या आधारे)

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी साध्य होतील.

• कौटुंबिक पत्र या लेखनप्रकाराचे स्वरूप व त्याचे संकेत स्पष्ट करता येतील.
• पत्रातील दैनंदिन तपशिलाचे महत्त्व सोदाहरण सांगता येईल.
• आनंदीबाई जोशी यांच्या पत्रव्यवहाराची पार्श्वभूमी विशद करता येईल.
• कौटुंबिक पत्र व प्रवासवृत्त यांतील भेद सांगता येईल.
• आपल्या परिसरातील जुन्या पत्रांचे चिकित्सक वाचन करता येईल.

४.२ प्रस्तावना

मागील घटकात आपण चरित्र व आत्मचरित्र या प्रकारांचा परिचय करून घेतला. हे दोन्ही प्रकार वाचकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिले जातात. कौटुंबिक पत्राचे तसे नसते. ते एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी, अनेकदा घाईत, दिव्याच्या उजेडात, हाताशी असेल त्या कागदावर लिहिलेले असते. आपले पत्र शंभर वर्षांनी कोणी अभ्यासासाठी वाचील, ही कल्पना लिहिणाऱ्याच्या मनात सहसा नसते. म्हणूनच राजकीय कागदपत्रांत न सापडणाऱ्या गोष्टी पत्रांत सापडतात. त्या दिवशी घरात काय शिजले, थंडी किती होती, कापडाला काय पडले, कोणाचा ताप उतरला, हे तेथे कळते.

अशा तपशिलाला आपण 'किरकोळ' म्हणतो. प्रस्तुत घटकाचा मुख्य मुद्दा असा आहे की, कौटुंबिक पत्रातील किरकोळ वाटणारा तपशील पुष्कळदा किरकोळ नसतो. नात्यातील ओढ, अधिकार, भीती आणि कधी कधी जगण्या-मरण्याचा प्रश्न त्या तपशिलाच्या आडून व्यक्त होत असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून मायदेशी पत्रे लिहिणाऱ्या एका मराठी तरुणीच्या उदाहरणातून हा मुद्दा आपण समजून घेऊ. शेवटी हीच वाचनपद्धती जालना परिसरातील घरगुती पत्राला कशी लावता येते, तेही पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ कौटुंबिक पत्राचे स्वरूप व संकेत

मराठीत कौटुंबिक पत्राचा साचा फार जुना आहे. पत्राच्या माथ्यावर 'श्री', त्याखाली वडीलधाऱ्यांस 'तीर्थरूप', बरोबरीच्यांस 'राजमान्य राजेश्री' किंवा 'स. न. वि. वि.', धाकट्यांस 'चिरंजीव' व 'अनेक आशीर्वाद' असा मायना येतो. त्यानंतर 'येथील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे' हे वाक्य, मग मुख्य मजकूर आणि शेवटी 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा' अशी सांगता होते. मायना वाचताच लिहिणाऱ्याचे व वाचणाऱ्याचे नाते, वय आणि मान कळतो. मजकुराशिवायही पत्र बोलते. लग्नाच्या पत्राला हळदकुंकू लागलेले असते, तर कोपरा फाडलेले पोस्टकार्ड हाती आले की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई.

'सर्व क्षेम' हे वाक्य घरात सर्व कुशल नसतानाही लिहिले जाते. मग ते निरर्थक आहे काय? याचे उत्तर शोधण्यास एका प्रसिद्ध अभ्यासाची मदत होते. विल्यम थॉमस व फ्लोरिअन झ्नानिएत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी पोलंडमधील शेतकरी कुटुंबे व अमेरिकेत गेलेले त्यांचे आप्त यांच्या पत्रांच्या आधारे १९१८ ते १९२० या काळात एक बृहद्ग्रंथ सिद्ध केला. या पत्रांचा मूळ साचा नमस्कारांचा व क्षेमकुशलाचा असल्याचे त्यांनी दाखविले आणि अशा पत्राला 'नमन-पत्र' या अर्थाचे नाव दिले. दुरावा पडला तरी कुटुंब एकसंध आहे, हे पुनःपुन्हा सांगणे हे त्या पत्राचे पहिले काम, बातमी देणे हे दुसरे. आपल्या 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' या ओळीचे कार्यही हेच आहे. त्या ओळीतून अनुपस्थित माणूस घरातील प्रत्येकासमोर क्षणभर उभा राहतो.

४.३.२ पत्र पोहोचविणारी व्यवस्था

पत्राचा मजकूर डाकव्यवस्थेवरही अवलंबून असतो. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ साली सर्वत्र समान दराची टपालपद्धती सुरू झाली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा पडू लागला. १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, तर १८८० साली मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले. पोस्टकार्ड स्वस्त, पण उघडे. ते पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शके. त्यामुळे मनातले दुःख, भांडण, कर्ज यांचा उल्लेख पोस्टकार्डावर टाळला जाई किंवा 'बाकी भेटीअंती' या दोन शब्दांत गुंडाळला जाई. पत्रात काय आहे याइतकेच पत्र कशावर लिहिले आहे, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

जालना परिसराची स्थिती थोडी वेगळी होती. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामी राज्यात होता. संस्थानाची डाक स्वतंत्र होती, तिची तिकिटे स्वतंत्र होती आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. घरची भाषा मराठी, कचेरीची भाषा उर्दू आणि जुन्या हातांची लिपी मोडी, अशा तिपेडी वातावरणात येथील पत्रे लिहिली गेली. १९०० च्या सुमारास मनमाडहून जालन्यामार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे झाली आणि माणसांबरोबर पत्रांचीही ये-जा वाढली.

४.३.३ आनंदीबाईंच्या पत्रव्यवहाराची पार्श्वभूमी

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे व टपालखात्यात नोकरीस होते. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता व त्या ध्यासात हट्ट आणि जबरदस्तीही होती. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला व तो दहा दिवसांत दगावला. पुढे वैद्यकशास्त्र शिकण्याचा निश्चय त्यांनी केला.

हा निश्चय प्रत्यक्षात येण्यास एक पत्र कारण झाले. पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळावे म्हणून गोपाळरावांनी कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या छोट्या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात ते आले, तेही दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि दोन अनोळखी स्त्रियांत पत्रव्यवहार सुरू झाला. एकमेकींचे घर, सण, आहार, चालीरीती, विवाहाचे वय हे विषय त्यात येत. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. उतरवून घेण्यास कार्पेंटरबाई आल्या होत्या. आधी पत्रातून नाते जुळले व नंतर भेट झाली, असा हा क्रम होता.

अमेरिकेस जाणारी ही पहिली मराठी व्यक्ती नव्हे. जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री दहा वर्षे आधी, १८७३ साली, न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेस गेले होते. परंतु ते व्यासपीठावर बोलण्यासाठी गेले होते. आनंदीबाई एका अमेरिकन घरात राहिल्या, तेथील चूल, पलंग, बाग व पाहुणे त्यांनी आतून पाहिले. दैनंदिन जीवनाच्या दृष्टीने त्यांच्या पत्रांना विशेष मोल येते, ते यामुळे.

१८८३ च्या शरद ऋतूत त्या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. यानंतर त्यांचा पत्रव्यवहार दोन दिशांनी चालला. गोपाळरावांना त्या मराठीत लिहीत आणि कार्पेंटरबाईंना इंग्रजीत. एकच दिवस, एकच खोली, एकच आजार. पण तो पतीला कसा सांगायचा आणि मावशीला कसा सांगायचा, यात फरक पडतो. पत्राच्या अभ्यासात 'कोणास लिहिले' हा प्रश्न 'काय लिहिले' याच्या आधी येतो, तो यासाठीच.

४.३.४ अन्न, वस्त्र आणि ऊब

आनंदीबाईंच्या अमेरिकेतील जीवनात तीन गोष्टी पुनःपुन्हा महत्त्वाच्या ठरल्या : अन्न, वस्त्र आणि ऊब. देशाबाहेर जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले होते. हे वचन सभेत देणे एक आणि बर्फाच्या देशात रोज सकाळी उठून पाळणे वेगळे. शाकाहार पाळायचा, म्हणजे रोज काय खायचे, ते कोण शिजवणार, अभ्यास व शवविच्छेदनाचे तास सांभाळून त्यासाठी वेळ कोठून काढायचा, हे प्रश्न आले.

वस्त्राचेही तेच. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्याकडील हवेत त्याचे काही वाटत नाही, परंतु फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ते सोसत नाही. म्हणून आनंदीबाईंनी पाय पूर्ण झाकणाऱ्या गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचे ठरविले. हा बदल किती लहान! साडी तीच, फक्त नेसण्याची तऱ्हा वेगळी. पण त्याबद्दल पतीला पत्रातून समजावून सांगण्याची पाळी त्यांच्यावर आली. हजारो मैलांवर असलेल्या गोपाळरावांचा सूर या काळातील पत्रांत कठोर व संशयी झालेला दिसतो. बायको आपल्या हातून निसटत तर नाही ना, ही शंका ते वेशभूषेच्या प्रश्नातून विचारीत होते आणि आनंदीबाई थंडीच्या वर्णनातून त्याचे उत्तर देत होत्या. येथे हवामानाचे वाक्य केवळ हवामानापुरते राहत नाही. 'फार थंडी पडते' या विधानात 'माझ्यावर विश्वास ठेवा' हे विधान दडलेले असते.

एका पत्रात मात्र आनंदीबाईंनी हा आडपडदा दूर केला. बालपणी पतीकडून सोसलेला मार, धमक्या व धाक यांची त्यांनी स्पष्ट आठवण दिली. त्या वयाच्या मुलीला विरोध करणे शक्य नव्हते, हेही त्यांनी लिहिले. त्याच पतीमुळे आपण शिकलो, याची जाणीवही त्यांनी सोडली नाही. समोरासमोर जे बोलता येणे अवघड होते, ते लिहिण्यास अंतराने बळ दिले. पत्र जाण्यास महिना-दीड महिना लागे, उत्तर हाती येण्यास दोन-तीन महिने. तोवर रागाला वाट पाहावी लागे. एरवी बोलू न शकणाऱ्या व्यक्तीस पत्र आवाज देते, याचे हे मराठीतील एक ठळक उदाहरण आहे.

तिसरी गोष्ट ऊब. फिलाडेल्फियातील खोली नीट गरम न राहण्याची अडचण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. आनंदीबाई मुळात अशक्त होत्या, त्यात घटसर्प व पुढे क्षयाची भर पडली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली, परंतु कामावर रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या व न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

हा शेवट ठाऊक असलेला वाचक त्यांच्या पत्रव्यवहाराकडे वळतो, तेव्हा जेवण, साडी व शेगडी हे विषय त्याला वेगळे दिसू लागतात. पत्र लिहिताना तो रोजच्या गैरसोयीचा हिशेब होता. आज आपण वाचतो, तेव्हा त्या हिशेबातून एका आयुष्याची शिल्लक हळूहळू कमी होताना दिसते. आरंभी सांगितलेला मुद्दा येथे सिद्ध होतो : किरकोळ तपशील किरकोळ नव्हता.

ही पत्रे आपल्यापर्यंत पोहोचली, याचे श्रेय ती जपणाऱ्यांना व वाचणाऱ्यांना आहे. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ साली इंग्रजीत आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. काशीबाई कानिटकर यांनी पत्रांचा आधार घेऊन मराठी चरित्र सिद्ध केले. अलीकडच्या काळात मीरा कोसंबी यांनी या पत्रव्यवहाराचा स्त्रीवादी दृष्टीने साक्षेपी अभ्यास केला. प्रत्येक पिढीने तीच पत्रे वाचली व प्रत्येकीला त्यात निराळी आनंदी दिसली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ब्रिटिश हिंदुस्थानात पोस्टकार्ड केव्हा सुरू झाले?
२. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना कोणत्या भाषेत पत्रे लिहीत?
३. 'नमन-पत्रा'चे पहिले कार्य कोणते?

आ) रिकाम्या जागा भरा.
१. आनंदीबाईंनी हिवाळ्यासाठी ______ पद्धतीने साडी नेसण्याचे ठरविले.
२. आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी ______ साली मिळाली.

४.३.५ कौटुंबिक पत्र आणि प्रवासवृत्त

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या व १८८८ पर्यंत तेथे राहिल्या. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध झाला. तेथील गृहस्थिती, शिक्षण, व्यापार, स्त्रियांची स्थिती यांचे विवेचन त्यात आहे. एकाच दशकात, एकाच देशाविषयी, दोन मराठी स्त्रियांनी केलेले हे लेखन तुलनेस उत्तम आहे.

प्रवासवृत्ताचा वाचक अनेकवचनी असतो. त्यामुळे रमाबाई सर्वसाधारण विधाने करतात, माहितीची मांडणी विषयवार करतात, आपल्या समाजाशी तुलना करून त्याला उपदेश करतात. कौटुंबिक पत्राचा वाचक एकवचनी असतो. त्याला ठाऊक असलेले काहीच सांगावे लागत नाही, म्हणून पत्रात अनेक धागे अर्धवट राहतात. प्रवासवृत्तात 'तेथील लोक कसे राहतात' हे कळते, तर पत्रात 'मी तेथे कशी राहते' हे कळते. या दोहोंमध्ये सीमारेषा मात्र पक्की नसते. रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' हे लेखन मुळात परिचितास लिहिलेले पत्रच होते व ते १८८३ साली पुस्तिकारूपाने छापले गेले. खासगी पत्र छापले गेले की त्याचा वाचक बदलतो आणि वाचक बदलला की अर्थही बदलतो.

४.३.६ अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील पत्रे

आनंदीबाई ज्या देशात राहत होत्या, त्या देशातील बहुसंख्य लोक त्या वेळी ग्रामीण भागात राहत होते आणि तेही आपल्या माणसांना पत्रेच लिहीत होते. १८६२ च्या वसाहत-जमीन कायद्याने पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्यास १६० एकर जमीन मिळू लागली. युरोपातून व पूर्वेकडील राज्यांतून असंख्य कुटुंबे पश्चिमेच्या माळरानावर गेली. मागे राहिलेल्या आईबापांना त्यांनी पीकपाणी, भाव, हिवाळा, गुरेढोरे, बाळंतपणे व मृत्यू यांच्या बातम्या लिहिल्या. नॉर्वे, स्वीडन, जर्मनी या देशांत येणाऱ्या अशा पत्रांना 'अमेरिका-पत्रे' म्हणत. ती गावात मोठ्याने वाचली जात, त्यांच्या नकला फिरत, काही वृत्तपत्रांतही छापली जात आणि ती ऐकून आणखी माणसे घर सोडून निघत.

कागद व टपालहशील वाचावे म्हणून पान भरले की ते आडवे फिरवून आधीच्या ओळींवरच नव्या ओळी लिहिण्याची रीत तेथे होती. आपल्याकडील पोस्टकार्डाच्या समासात, पत्त्याच्या बाजूलासुद्धा अक्षरे कोंबणाऱ्या आजोबांची येथे आठवण होते. शेतावर पत्र घरपोच मिळण्याची सोय अमेरिकेत १८९६ पासून हळूहळू सुरू झाली. तोपर्यंत शेतकऱ्याला गावच्या टपालकचेरीत जाऊनच पत्र आणावे लागे. पावसाच्या व पिकाच्या ओळी त्याही पत्रांत आधी येतात, कारण शेतकऱ्याच्या घरचे सुखदुःख सर्वत्र आधी आभाळाला विचारावे लागते.

४.३.७ पत्र कसे वाचावे? – एक नमुना

आता हीच पद्धती आपल्या परिसरातील पत्राला लावून पाहू. पुढील नमुना या पाठासाठी रचलेला आहे. काळ १९७२-७३ च्या दुष्काळाचा, लिहविणारी जालना भागातील एका खेड्यातील आई आणि मुलगा मुंबईच्या गिरणीत कामाला, अशी कल्पना करा.

"॥ श्री ॥ चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल आहेत, तुझी खुशाली कळव. विहिरीला पाणी नाही. बैलजोडी मामाच्या गावी नेऊन ठेवली. मी आन् तुझी वहिनी पाझर तलावाच्या कामावर जातो. तिथं लेकरांना सुकडी देतात. रेशनला लाल मिलो मिळते, भाकर थापताना तुटते, पण सवय झाली. तुझी मनीऑर्डर पोचली. इतके पैसे धाडू नको, तू पोटाला खात जा. बापाचा खोकला कमी आहे. शेजारच्या पोरानं पत्र लिहिलं, त्याचा नमस्कार. पाऊस पडला की कळवते. तुझी आई."

या पत्रास आपण पाच प्रश्न विचारू.

१. कोणी लिहिले? : बोल आईचे आहेत, अक्षर शेजारच्या शाळकरी मुलाचे. 'वि. वि.' हा मायना शाळेतला व 'लेकरं', 'धाडू नको', 'आन्' हे शब्द आईचे. एकाच पत्रात दोन भाषा नांदतात. लिहिणारे तिऱ्हाईत असल्यामुळे आईने काही गोष्टी मनातच ठेवल्या असतील.

२. कोणास लिहिले? : परगावी राबणाऱ्या मुलास. त्याने काळजी करू नये, हा हेतू प्रत्येक ओळीमागे आहे.

३. रोजच्या जीवनाचे कोणते तपशील आले? : दुष्काळी काम, सुकडी, रेशनचे धान्य, बैल हलविणे. मिलो हे त्या काळी अमेरिकेतून आलेले धान्य. आनंदीबाईंच्या पत्रांत अमेरिका हा राहण्याचा देश आहे, तर या पत्रात ती तव्यावर तुटणारी भाकर होऊन आली आहे.

४. कोठे विसंगती दिसते? : 'सर्व खुशाल' आणि 'विहिरीला पाणी नाही' ही वाक्ये लागोपाठ येतात. पहिले वाक्य साच्याचे, दुसरे बातमीचे. पहिले खोटे नाही, त्याचा अर्थ 'आम्ही सारे जिवंत व एकत्र आहोत' इतकाच आहे.

५. काय लिहिले नाही? : 'इतके पैसे धाडू नको' या वाक्यात घरची गरज लपलेली आहे. 'खोकला कमी आहे' हे खरे की मुलाला धीर देण्यासाठी, हे केवळ एका पत्रावरून ठरविता येत नाही. अभ्यासकाने येथे थांबावे, कल्पनेने पोकळी भरू नये व पुढचे पत्र शोधावे.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. एकटे पत्र साक्षीदार असते, न्यायाधीश नसते. त्याची पडताळणी दुसरी पत्रे, सरकारी नोंदी, वृत्तपत्रे व वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांच्याशी करावी लागते.

आज जालना जिल्ह्याच्या अनेक गावांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांशी त्यांचे बोलणे आता मोबाइलवर होते. क्षेमकुशल रोज कळते, पण त्याची लेखी खूण उरत नाही. त्यामुळे घरात जुनी पत्रे असतील, तर ती त्या घरातील शेवटची पत्रे असण्याचा संभव आहे. तारेला टोचून ठेवलेली, पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी पडलेली, वाळवी लागत चाललेली ही पत्रे जपणे, हे भाषेच्या विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष काम आहे. आनंदीबाईंची पत्रे कोणीतरी सांभाळून ठेवली, म्हणूनच आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

योग्य की अयोग्य ते लिहा.
१. प्रवासवृत्ताचा वाचक एकच ठरलेली व्यक्ती असते.
२. अमेरिकेत शेतावर घरपोच टपाल मिळण्याची सोय १८९६ पासून सुरू झाली.
३. एका पत्रावरून कुटुंबाविषयी अंतिम निष्कर्ष काढता येतो.

४.४ सारांश

कौटुंबिक पत्र हे विशिष्ट व्यक्तीस उद्देशून लिहिलेले खासगी लेखन होय. मायना, क्षेमकुशल व सांगता यांचा साचा दुराव्यातही नाते टिकवून धरतो. डाकव्यवस्था, कागद, लिपी व वाचणारी व्यक्ती यांचा मजकुरावर परिणाम होतो. आनंदीबाई जोशी यांच्या १८८३ ते १८८६ या काळातील पत्रव्यवहारात अन्न, वस्त्र व ऊब यांसंबंधीचा तपशील पतिपत्नीतील ताण, दिलेले वचन आणि ढासळती प्रकृती यांच्याशी जोडलेला आहे. पंडिता रमाबाईंच्या ग्रंथाशी तुलना केली असता पत्र व प्रवासवृत्त यांतील भेद स्पष्ट होतो. पत्र वाचताना कोणी, कोणास, काय लिहिले, विसंगती कोठे आहे व काय वगळले, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरांची अन्य साधनांशी पडताळणी करावी.

४.५ शब्दार्थ

मायना : पत्राच्या आरंभीचा आदरदर्शक किंवा स्नेहदर्शक मजकूर.
वि. वि. : विनंती विशेष.
स. न. वि. वि. : सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.
टपालहशील : पत्र पाठविण्यासाठी द्यावा लागणारा दर.
मोडी : पूर्वी मराठी लेखनासाठी वापरली जाणारी जलद लिपी.
सुकडी : दुष्काळात वाटलेला कोरडा पौष्टिक खाऊ.
साक्षेपी : काळजीपूर्वक, चिकित्सेने केलेले.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) १. १ जुलै १८७९ रोजी. २. इंग्रजीत. ३. दुरावा असला तरी कुटुंब एकसंध आहे, असे सांगणे. आ) १. गुजराती २. १८८६
प्रश्न २ : १. अयोग्य २. योग्य ३. अयोग्य

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. कौटुंबिक पत्राचे स्वरूप व संकेत विशद करा.
२. 'पत्रातील किरकोळ तपशील किरकोळ नसतो', हे विधान आनंदीबाई जोशी यांच्या पत्रव्यवहाराच्या आधारे स्पष्ट करा.
३. कौटुंबिक पत्र व प्रवासवृत्त यांची तुलना करा.
४. टीपा लिहा : अ) पोस्टकार्ड आणि खासगीपणा आ) अमेरिका-पत्रे इ) पत्रलेखक व लिहविणारा.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरी किंवा शेजारी असलेले किमान वीस वर्षांपूर्वीचे एक पत्र मिळवा. ते मोडीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्या. पत्र ज्यांचे आहे, त्यांची परवानगी घेतल्याशिवाय त्यातील नावे व खासगी बाबी लिहू नका. पत्राची नक्कल करताना मूळ शुद्धलेखन बदलू नका. विभाग ४.३.७ मधील पाच प्रश्नांच्या आधारे त्या पत्रावर दोन पानी टिपण तयार करा. नंतर तेच पत्र घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस वाचून दाखवा, त्यांनी सांगितलेली आठवण टिपणाच्या शेवटी जोडा आणि आपल्या अभ्यासकेंद्रावरील समंत्रकांशी त्यावर चर्चा करा.